डायरेक्ट जोडलेली वायर

गाडी दुरुस्त झाली तरी विश्राम मेस्त्री "झाली" असं कधी म्हणायचा नाही. बॉनेट खाली घ्यायचा, फडक्याला हात पुसायचा आणि गाडीकडे जरा संशयानेच बघत म्हणायचा, "आजच्यापुरता बरा हाय." नवीन गिऱ्हाइकाला हे ऐकून धडकी भरायची. एवढा वेळ उन्हात उभं राहायचं आणि या माणसाने हमी द्यायची ती फक्त आजची! जुन्या गिऱ्हाइकांना मात्र ठाऊक होतं, की विश्रामचा आजचा दिवस चार-पाच वर्षं सहज चालतो.

मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्याला पत्र्याच्या छपराखाली त्याचं गॅरेज होतं. गाड्यांच्या एसीचं काम, त्यातही मुख्यतः वायरिंगचं. गॅस भरणारे रत्नागिरीत पुष्कळ आहेत. गाडी गार हवा देत नाही म्हटलं की नळी लावली, गॅस भरला, चला पुढे. विश्रामला या प्रकाराचा मनस्वी राग होता. "पोटात दुखताय बोलला तर हे जेवायला वाढतात," असं तो म्हणायचा, आणि एवढं बोलल्यावर पुढचा तासभर काही बोलायचा नाही.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या, जळालेल्या, दरीत गेलेल्या गाड्या तपासायच्या आणि कारण लिहायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे जिल्ह्यातली गॅरेजं मला पाठ होती. विश्रामची ओळख मात्र माझ्याच गाडीमुळे झाली. गाडी उभी असली की एसी बरा चालायचा आणि हायवेला लागलं की गरम हवा यायची. दोन ठिकाणी दोनदा गॅस भरून झाला होता. विश्रामने गाडी चालू ठेवायला सांगितली आणि हातात काहीही न घेता समोर उकिडवा बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी चुळबुळ करायला लागलो. शेवटी त्याने वर्तमानपत्राचं एक पान उचललं आणि गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरलं. पंखा हवा आत ओढत असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. हा कागद उलटा त्याच्याच तोंडावर फडफडला.

"मधी कोणी हात घातलेला काय?" त्याने विचारलं.

"प्रवासात पंखा बदलावा लागला होता."

"दोन वायरी उलट्या जोडल्यान. पंखा फिरतोय, पन हवा भायेर ढकलतोय. उभ्या गाडीत कळत नाय. गाडी पळायला लागली की समोरचा वारा आनि ह्यो, दोघांची मारामारी."

वायरींची अदलाबदल करायला त्याला दोन मिनिटं लागली. त्यानंतर जे सुरू झालं ते मी पहिल्यांदाच बघत होतो. त्याने जोड पिळला, कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली आणि त्या टेपवर बारीक दोरा गुंडाळायला घेतला. मांडवीतल्या खलाशांकडून तो मासे धरायच्या जाळ्याचा दोरा आणायचा. आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने टेप सुटते आणि आतलं तांबं हिरवं पडतं, म्हणून प्रत्येक जोडावर मोजून सात वेढे आणि शेवटी एक चपटी गाठ. पुढे सर्व्हेला गेलो आणि एखाद्या गाडीत ती गाठ दिसली, की मला कळायचं, इथे विश्रामचा हात लागलेला आहे.

प्रेशर स्विचवर तर त्याची भक्ती होती. एसीच्या नळीवर अंगठ्याएवढा एक तुकडा बसवलेला असतो. नळीतला दाब भलताच वाढला किंवा गॅस संपत आला, की हा तुकडा सगळी यंत्रणा बंद पाडतो. तोच बिघडला तर नवा मिळेपर्यंत घामाघूम होत बसायचं. त्यावर सर्रास चालणारा उपाय म्हणजे स्विच बाजूला ठेवून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या. याला 'डायरेक्ट' करणं म्हणतात. गार हवा सुरू होते, गिऱ्हाईक खूष होतं. फक्त दाब वाढला तर थांबवणारं कोणी उरत नाही.

एका मे महिन्यात गणपतीपुळ्याला निघालेलं पुण्याचं एक कुटुंब त्याच्या दारात आलं. मी तिथेच चहा घेत बसलो होतो. स्विच गेलेला होता. गृहस्थ घायकुतीला आले होते. "डायरेक्ट करून द्या हो, पुण्याला गेल्यावर बघू," म्हणाले.

"नाय," विश्राम म्हणाला.

"अहो, सगळे करून देतात."

"मग सगळ्यांकडं जावा."

गृहस्थ तणतणले. विश्रामने बॉनेट लावलं आणि मागच्या बाजूला असलेल्या आपल्या घराकडे बघून बायकोला हाक मारली. मंदावहिनींनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं, दुपारी भात आणि बांगड्याची आमटी वाढली, मुलं पडवीत झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने कोल्हापूरहून स्विच आला तेव्हा ते कुटुंब निघालं. मी विश्रामला म्हटलं, "एवढा हट्ट कशाला रे?" त्यावर तो म्हणाला, "साहेब, स्विच म्हंजे घरातला म्हातारा. आख्खा दिवस कोपऱ्यात गप. लोकांना वाटता, ह्याचा काय काम? पन एकदा कदीतरी 'नको' बोलायचा असता, आनि ता बोलायला तोच लागतो."

हे सगळं मी इतकं रंगवून सांगतोय, कारण पुढचं सांगायचं जिवावर आलंय.

सदा हा विश्रामचा मित्र. निवळीच्या आतल्या एकाच वाडीतले दोघे. एकाच वर्षी नापास झाले, एकाच दिवशी मुंबईला पळाले आणि एकाच महिन्यात कंटाळून परत आले. विश्राम वायरिंगचं काम शिकला आणि सदाने पर्यटक फिरवायला बारा सीटांची गाडी घेतली. विश्राम आठवडाभरात जेवढं बोलायचा तेवढं सदा एका चहात बोलायचा. देवळांच्या खऱ्याखोट्या कथा, आंब्यांच्या जाती, कुठल्या वळणावर कोणाची गाडी कशी उलटली, सगळं त्याच्या तोंडी. विश्राम ऐकत असायचा की नाही कोण जाणे, पण सदा आला की त्याचा चेहरा सैल व्हायचा.

असाच एकदा ऐन मेमध्ये सदाच्या गाडीचा स्विच गेला. गाडीत म्हातारी माणसं होती, पावस करून गणपतीपुळ्याला जायची. स्विच दोन दिवसांनी येणार होता. "दोन दिवस रे," सदा म्हणाला. "माणसां वयस्कर हायत, उकडून मरतील. परवा सकाळी गाडी तुज्या दारात."

परक्याला नाही म्हणताना विश्रामला काही वाटत नसे. सदाला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. त्याने पंखा तपासला, पंख्याला जोर चांगला होता. मग दोन वायरी घेतल्या आणि पिळल्या. टेप लावली, सात वेढे घातले, गाठ मारली. चुकीचं काम करतानाही त्याला वाईट काम करता आलं नाही.

परवा सदा आला नाही. नवा स्विच आला तो विश्रामने खणात ठेवला आणि फोन केला. "येतो रे, सीझन हाय," सदा म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा फोन केला. "सोमवारी नक्की." सदाचा तरी काय दोष? त्याची गाडी छान गार होती. महिना संपता संपता, माणसं उतरवून परत येताना, हातखंब्याजवळ वाहतूक तुंबली आणि त्यातच जाळीमागचा एसीचा पंखा बंद पडला. गाडी जागच्या जागी, वारा नाही, पंखा नाही, आणि नळीतला दाब वाढत चालला. बॉनेटखालून कसला आवाज येतोय म्हणून सदा उतरला, बॉनेट उचलून आत वाकला, आणि नळी फुटली. गॅस आणि तापलेलं तेल सरळ तोंडावर आलं. उरलेलं तेल इंजिनाच्या गरम पाइपावर उडून पेटलं. लोकांनी माती टाकून आग विझवली.

सदाचा डावा डोळा गेला. उजव्याने पुढ्यातला माणूस ओळखण्याइतपत दिसायचं, रस्ता दिसायचा नाही. गाडी चालवणं संपलं.

त्या गाडीचा सर्व्हे माझ्याकडे आला. पुढचा भाग अर्धा जळला होता, वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. पण स्विचच्या बाजूचा कोपरा वाचला होता, आणि तिथे दोन वायरींच्या जोडावर सात वेढे होते आणि एक चपटी गाठ होती. मी मान वर केली. गाडीच्या पलीकडे विश्राम उभा होता. त्याची नजरही त्या गाठीवरच होती. मी अहवालात लिहिलं, नळी जीर्ण होऊन फुटली. नळी जीर्ण होतीच. मी तेवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या घरी आला. खुर्ची दिली तर घेईना, पायरीवरच बसला.

"साहेब, मी सदाला सांगतो."

"काय सांगतोस?"

"मी केलाय ता. तो मलाच विचारतोय, नळी कशी रे फुटली? आनि माजा हात धरून विचारतोय. मी काय बोलू?"

यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "सांगून त्याचा डोळा परत येणार आहे का? उगाच दोन्ही घरं उद्ध्वस्त होतील. तो जरा सावरू दे, मग बघ." आम्ही रत्नागिरीची माणसं याला शहाणपणा म्हणतो, आणि तो आमच्याकडे पोत्यांनी भरलेला असतो. दुसऱ्याने शेण खाल्लं तर आम्ही चव्हाट्यावर आणू, पण अंगाशी आलं की आम्हाला एकदम दोन्ही घरांची काळजी वाटायला लागते. त्या दिवशी मी विश्रामची काळजी करत होतो असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्याने सांगितलं असतं तर माझा अहवालही उघडा पडला असता. विश्रामने माझं ऐकलं. मी शिकलेला होतो ना.

सदा सावरला. विश्रामने त्याला गॅरेजमध्ये आणून बसवलं. एसी तपासताना कोणीतरी आत बसून इंजिनाला रेस द्यावी लागते, ते काम सदाचं. सदा आत, विश्राम बाहेर, मध्ये उघडं बॉनेट. बॉनेट वर असेपर्यंत त्यांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. विश्राम हल्ली बॉनेट बराच वेळ वर ठेवायचा.

आणि सदा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "सख्खा भाऊ करनार नाय एवढा केल्यान ह्याने माज्यासाठी. हास्पिटलात उशाशी बसून होता. आता पोटाला लावल्यान. असा मित्र कोणाला मिळता?" गिऱ्हाईक कौतुकाने विश्रामकडे बघायचं. विश्राम इंजिनात आणखी खाली वाकायचा. एकदा मी त्याच्या बाजूला उभा असताना त्याने हळूच म्हटलं, "साहेब, ह्याला गप बसवा." मी सदाला शेजारच्या टपरीवर चहा सांगायला पाठवलं. मला तेवढंच सुचलं.

मग त्याला एक वेड लागलं. रस्त्याने जाणारी ओळखीची गाडी हात करून थांबवायची आणि म्हणायचं, "उघडा जरा, जोड बगतो." स्वतः केलेला, उत्तम चाललेला जोड सोडायचा, पुन्हा करायचा, पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. आधी लोक हसले, मग वैतागले, मग त्या रस्त्याने यायचे टाळायला लागले. डायरेक्टचा जोड त्याने आयुष्यात एकदाच केला होता, पण आता त्याला प्रत्येक गाडीत तो दिसत होता. मंदावहिनी मला म्हणाल्या, "काय झाला ओ ह्यांना? पुढ्यात ताट घेऊन बसून ऱ्हातात. तुमाला काय बोललेत काय?" मी म्हणालो, "वय होतंय, वहिनी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, पण साहेबांपुढे बोलायचं कसं!

शिमगा जवळ आला तेव्हा विश्राम पुन्हा माझ्या पायरीवर येऊन बसला. त्यांच्या गावी ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. पालखी दारात आली की मानकरी घरधन्याच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो. घरधन्याने आपलं जे काही असेल ते मानकऱ्याच्या कानात सांगायचं आणि मानकऱ्याने ते सगळ्या गावासमोर मोठ्याने देवाला सांगायचं. नवस असो, आजार असो, नाहीतर चूक असो. मान सदाच्या घराण्याचा होता आणि गाऱ्हाणं त्याचे म्हातारे काका घालायचे.

"काकांच्या कानात घालतो," विश्राम म्हणाला. "माज्या तोंडातून येत नाय. कितीदा बोलायला गेलो, भलताच कायतरी बोलून आलो. काकांच्या तोंडून निघंल. सदा तितंच असंल, गाव असंल, देव असंल. मग काय व्हायचा ता होऊ दे. तुमी याल काय?"

मी गेलो. भर दुपारी वाडीत ढोल वाजत होते. विश्रामने गावच्या घराचं अंगण सारवून घेतलं होतं, नवा शर्ट घातला होता. कित्येक महिन्यांनी तो मला ताठ उभा दिसला. पालखी आली, खांद्यांवर नाचली, अंगणात टेकली. वहिनींनी ओटी भरली. ढोल थांबले. आणि पालखीमागून, एका हाताने दांडा चाचपत, सदा पुढे आला. काकांना दोन दिवस ताप होता, यंदाचं गाऱ्हाणं सदाच घालणार होता.

सदा विश्रामजवळ आला, मान वाकडी करून कान त्याच्या तोंडाशी नेला आणि म्हणाला, "सांग रे. काय घालू गाऱ्हाना?"

विश्रामचं तोंड उघडलं. मी चार हातांवर होतो, मला त्याची जीभ हललेली दिसली. सगळं गाव वाट बघत होतं. सदाचा जळून आवळलेला गाल त्याच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होता.

"काय नाय," विश्राम म्हणाला. "सगळ्यांचा बरा कर म्हनून सांग."

सदा वळला, हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाला, "बा देवा म्हाराजा, हे तुजा लेकरू विश्राम तुज्या पायाशी उभा हाय. त्याने आपल्यासाठी काय एक मागितलान नाय. म्हनून मी मागतो. माज्यावर काळ आला तवा ह्याने मला हात दिल्यान. ह्याच्या घराला सुख दे, ह्याच्या हाताला यश दे. ह्याच्याकडनं कदी कोनाचा वाईट झालेला नाय, ह्याचा वाईट होऊ देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. ढोल पुन्हा सुरू झाले. विश्राम खाली बसला. लोकांना वाटलं, त्याला भरून आलं. एका म्हातारीने तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर त्याने पाना धरला नाही. गॅरेज उघडायचा, सदाला खुर्ची द्यायचा आणि स्वतः गाडीच्या एका सुट्या सीटवर बसून राहायचा. पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी तो तिथेच कलंडला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, पण बोलता येणार नाही.

मी त्याला शेवटचा बघितला तो सरकारी दवाखान्यात, सकाळी अकराच्या सुमाराला. मंदावहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. कॉटजवळ स्टुलावर सदा बसला होता आणि अंदाजाने चमचा पुढे करून पेज भरवत होता. निम्मी पेज विश्रामच्या हनुवटीवर ओघळत होती. सदाची बडबड चालूच होती. मुंबईला पळाले होते त्या वेळची काहीतरी गंमत तो सांगत होता.

मला बघताच विश्रामने डावा हात उचलला. आधी स्वतःच्या छातीला लावला. मग अंगठा आणि दोन बोटं एकत्र आणून हवेत पीळ दिला. मग सदाच्या चेहऱ्याकडे बोट केलं. पुन्हा छाती, पुन्हा पीळ, पुन्हा सदा. घाईघाईने, चुकत, परत पहिल्यापासून.

"हात हलवतोय काय, साहेब?" सदाने विचारलं. "आताशा मला जवळचा पन नीट दिसत नाय. काय बोलतोय?"

विश्रामचा हात थांबला. तो माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागत होता ते एक वाक्य होतं. मी निवृत्त झालो होतो. त्या गाडीचं भंगार होऊन गेलं होतं. आजूबाजूला ऐकणारं कोणी नव्हतं. मला भ्यायचं काहीएक कारण उरलं नव्हतं.

"म्हणतोय, तू दमलास," मी म्हणालो. "घरी जाऊन जरा आडवा हो."

सदा हसला. "ह्या अवस्थेत पन माजीच काळजी," तो म्हणाला, आणि चाचपडत तो हात धरून त्याने पांघरुणात ठेवला. विश्रामने तोंड भिंतीकडे फिरवलं. सदाने पुन्हा चमचा भरला आणि पुढे केला. तो विश्रामच्या कानाला लागला, तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

"खा रे," तो म्हणत होता. "तोंड उघड."